ढिगाऱ्याखालचा माणूस आणि मानवतावाद

'मानवतावाद' हा शब्द मराठीत फार स्वस्तात वापरला जातो. दलित साहित्याची पहिली लाट आली तेव्हा तिच्यातला नकार पचवणे ज्यांना जड गेले, त्यांनी 'शेवटी हे साहित्यही मानवतावादीच आहे' असे म्हणून तिला आपल्या पंगतीत बसवून घेतले. विद्रोहाची धार त्या एका शब्दाने बोथट केली गेली. तोच शब्द पूर आला, भूकंप झाला, युद्ध पेटले की वर्तमानपत्रांत पुन्हा दिसतो. तेव्हा त्याचा अर्थ भाकरी, औषध आणि तंबू पोचवणे असा असतो. माणूस हेच मूल्य मानणारा विचार आणि संकटातल्या माणसाला मदत करणारे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत दोहोंना एकच नाव पडले आहे, आणि या सरमिसळीत प्रस्थापितांची मोठी सोय आहे. ज्याने भाकरी दिली त्याने माणूसही मानला, असे प्रशस्तिपत्र त्याला परस्पर मिळून जाते.

आज संकटे एकामागून एक येत आहेत. पहिल्या पुराचा चिखल निघायच्या आत दुसरा पूर येतो. महामारी ओसरते न ओसरते तोच युद्धाची बातमी येते. अशा काळात मदतीच्या कामाची भूमिका कशी पालटली, आणि फुले-आंबेडकरी विचाराच्या कार्यकर्त्याने तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा या लेखाचा विषय आहे. मात्र ही चर्चा हवेत करण्यात अर्थ नाही. म्हणून आपण शीळफाट्यावर उभे राहून ती करू.

एक

मुंब्रा, कल्याण, पनवेल आणि महापे या बाजूंनी येणारे रस्ते जेथे मिळतात ते ठिकाण म्हणजे शीळफाटा. ठाणे महापालिकेच्या हद्दीचे हे टोक. डोंगर फोडणाऱ्या खाणी, गोदामे, गॅरेजे, अवजड गाड्यांच्या रांगा आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्त्या. कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडे पुढे गेले की पलावासारख्या मोठ्या नव्या वसाहतींचे मनोरे दिसतात. ज्याला त्या मनोऱ्यात घर परवडत नाही, पण ज्याच्या हातांशिवाय ते मनोरेही उभे राहत नाहीत आणि गोदामेही चालत नाहीत, तो माणूस फाट्याच्या आसपास मिळेल तेथे डोके टेकतो.

4 एप्रिल 2013 रोजी संध्याकाळी येथील लकी कंपाउंडमधली सात मजली इमारत कोसळली. 74 माणसे मेली, साठाहून अधिक जखमी झाली. मृतांत अनेक लहान मुले होती. इमारत अनधिकृत होती आणि अवघ्या काही महिन्यांत उभी केलेली होती. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती.

आसपासचे लोक धावले. अग्निशमन दल आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, यंत्रे आली. 6 एप्रिलपर्यंत ढिगारा उपसण्याचे काम चालले. ढिगाऱ्याखालून जिवंत मुले निघाली, तेव्हा ती कोणत्या धर्माची, कोणत्या मुलखातली हे कोणी विचारले नाही. हे मूल्य खरे आहे, आणि त्याची टिंगल करणारा माणूस आमचा नव्हे. ज्याने दगड उचलला त्याचे हात पाक आहेत. प्रश्न 4 एप्रिलच्या आधीचा आणि 6 एप्रिलच्या नंतरचा आहे.

आधीचा प्रश्न असा, की वर काम चालू असताना खाली माणसे का राहायला आणली जातात? अनधिकृत बांधकामाच्या धंद्यात ही रीत सर्वश्रुत आहे. रिकामी इमारत पाडणे सोपे असते. बायकापोरे राहत असलेली इमारत पाडणे अवघड असते. गरीब भाडेकरूचे बिऱ्हाड ही बांधणाऱ्याची ढाल होते. पालिकेचे पथक आलेच, तर 'माणुसकीच्या दृष्टीने कारवाई थांबवा' अशी विनंती करायला कोणीतरी पुढारी हजर असतो. माणुसकीचा शब्द येथे कोणाच्या मुखातून येतो आणि कोणाच्या कामी येतो हे पाहण्यासारखे आहे. ज्याला राहण्याची दुसरी जागा नाही त्याच्या नावाने तो उच्चारला जातो, आणि त्याने वाचतो तो स्लॅबमध्ये सिमेंट कमी घालणाऱ्याचा पैसा.

नंतरचा प्रश्न अधिक बोलका आहे. शीळच्या घटनेनंतर बांधणारे, पालिकेचे अधिकारी, पोलीस, एक नगरसेवक अशा अनेकांना अटक झाली. अनधिकृत इमारतींवर हातोडा पडू लागला. त्याविरुद्ध त्याच एप्रिलमध्ये ठाण्यात बंद झाला आणि समूह पुनर्विकासाच्या मागणीने जोर धरला. या साऱ्या गदारोळात साधा भाडेकरू दोन संकटांच्या मध्ये उभा होता: इमारत राहिली तर अंगावर पडेल, पाडली तर रस्त्यावर यावे लागेल. त्याला काय हवे हे त्याला विचारण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. त्याच्या बाजूने सारेच बोलत होते, त्याच्याशी कोणी बोलत नव्हते.

आणि मृतांच्या वारसांना जे पैसे मिळतात त्यांचे सरकारी नाव पाहा: 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रह देव करतो, गुरू करतो. अनुग्रहासहित दिलेले ते सानुग्रह. म्हणजे चुकारपणे माणूस मारला गेला तरी त्याच्या घरच्यांना मिळते ती कृपा. 2005 सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आपत्तीची व्याख्या करताना नैसर्गिक कारणांबरोबर मानवनिर्मित कारणे, अपघात आणि निष्काळजीपणा यांचाही समावेश केला आहे. कायदा निष्काळजीपणा मान्य करतो, आणि सरकारी पत्रक मात्र अनुग्रहाची भाषा बोलते. नुकसानभरपाई या शब्दात देणाऱ्याची जबाबदारी येते. अनुग्रह या शब्दात ती विरून जाते. आमच्या मते मदतीच्या साऱ्या राजकारणाचे बीज या शब्दांच्या फरकात आहे.

हा केवळ अनधिकृत इमारतींचा प्रश्न आहे असे मानून कोणी निश्चिंत होऊ नये. त्याच वर्षी, 27 सप्टेंबर 2013 रोजी, मुंबईत डॉकयार्ड रोडला इमारत कोसळून 61 माणसे मेली. ती इमारत मुंबई महापालिकेची होती आणि तीत राहणारे बरेचसे तिचेच कर्मचारी होते. 2020 साली ऑगस्टमध्ये महाडला आणि सप्टेंबरमध्ये भिवंडीला तेच झाले. ठिकाण बदलते, ढिगाऱ्याखाली सापडणारा माणूस बहुधा त्याच थरातला असतो.

दोन

शीळसारख्या ठिकाणी पोचणारी मदत ज्या विचाराने चालते, तो विचार जगात कसा घडला हे थोडक्यात पाहू. 1859 साली सॉल्फेरिनोच्या रणांगणावर जखमी सैनिक पाण्यावाचून मरताना हेन्री ड्यूनांने पाहिले. त्यातून 1863 मध्ये जिनिव्हात रेडक्रॉसची समिती स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी माणूस शत्रूचा असला तरी माणूस आहे, ही त्यातली कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती. पण तिने एक किंमतही मोजली. युद्ध कोण करतो, का करतो, हे विचारायचे नाही, या अटीवर तिला रणांगणात प्रवेश मिळाला. पुढे 1965 मध्ये रेडक्रॉस चळवळीने आपली तत्त्वे जाहीर केली, त्यांत मानवता आणि निःपक्षपातीपणा यांच्या जोडीला तटस्थता आहे.

या तटस्थतेला पहिला मोठा धक्का 1967 ते 1970 च्या बियाफ्राच्या युद्धात बसला. उपासमार हे युद्धाचे हत्यार होत असताना गप्प राहून फक्त दूध वाटावे काय, असा प्रश्न काही फ्रेंच डॉक्टरांना पडला. 1971 मध्ये त्यांच्यापैकी काहींनी पत्रकारांबरोबर 'सीमारहित डॉक्टर' ही संघटना काढली. उपचार करायचे आणि पाहिलेले बोलायचेही, ही तिची भूमिका. 1985 साली इथिओपियाच्या दुष्काळासाठी जगभर गाण्यांचे मोठे कार्यक्रम झाले, प्रचंड निधी जमला. पण तेथले सरकार मदतीच्या आडून माणसांना सक्तीने हलवत आहे असे बोलल्याबद्दल त्या संघटनेच्या फ्रेंच शाखेला देशाबाहेर काढले गेले. 1994 मध्ये रवांडात लाखो तुत्सींची कत्तल झाली. त्यानंतर शेजारच्या देशातील गोमाच्या छावण्यांत निर्वासितांबरोबर कत्तल करणारेही शिरले आणि मदतीच्या धान्यावर त्यांनी पुन्हा आपली सत्ता उभारली. तेव्हा तटस्थ मदत तटस्थ राहत नाही, हे जगाला उमगले.

गेल्या काही दशकांत भाषा पुन्हा बदलली आहे. आता संकटग्रस्ताने 'सोसण्याची क्षमता' वाढवावी असे सांगतात. संकट येणारच, तुम्ही तयार राहा. ते का येते ते विचारू नका. आणि आता तर देणारेच हात आखडून घेत आहेत. 2025 साली अमेरिकेने आपली परदेशी मदतीची संस्था, युएसएड, मोडीत काढली. तिच्या पैशांवर चालणारे दवाखाने आणि अन्नछत्रे अनेक देशांत बंद पडली. त्याच वर्षी गाझामध्ये अन्न घ्यायला गेलेली शेकडो माणसे वाटपाच्या जागांच्या आसपास गोळ्यांना बळी पडली. मदत बंद करण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याने दिलेली मदत हा हक्क नसतो, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

पाश्चात्य विचारवंतांना हा पेच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडला. आपल्याकडे तो त्याच्या कितीतरी आधी पडला होता आणि त्याचे उत्तरही दिले गेले होते. मदतीच्या इतिहासात ते उत्तर कोणी नोंदवत नाही, म्हणून ते येथे मांडणे भाग आहे.

तीन

1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खन होरपळली. इंग्रज सरकारने मदतकामांवर मजुरी इतकी कमी केली की माणसाने जेमतेम जगावे आणि राबावे. त्या दिवसांत जोतीराव फुल्यांनी आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला आणि 1877 च्या मे महिन्यात लोकांना मदतीचे आवाहन केले. सावित्रीबाईंनी त्याच काळात जुन्नर भागातून दुष्काळाची हकीकत जोतीरावांना पत्राने कळवली. म्हणजे भाकरी देण्याचे काम त्यांनी केले, आणि मनापासून केले. पुढे 1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला उपचारासाठी आणताना सावित्रीबाईंना रोगाची लागण झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. सेवेच्या बाबतीत आम्हांला कोणी धडे देण्याची गरज नाही.

पण जोतीराव बालाश्रमावर थांबले नाहीत. दुष्काळानंतर काही वर्षांतच, 1883 मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकरी उपाशी का, त्याचा पैसा कोणकोणत्या वाटांनी जातो, भटशाही आणि सरकारी कामगार मिळून त्याला कसे नागवतात, याचा त्यात हिशेब मांडला. एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात लेखणी, असे हे काम होते. पळी धरणाऱ्याने लेखणी धरू नये ही अट त्यांनी कधी स्वीकारली नाही.

दुसरे उत्तर 1932 सालचे आहे, आणि ते अधिक तात्त्विक आहे. पुणे करारानंतर सवर्ण पुढाऱ्यांनी अस्पृश्यता निवारणासाठी संघ काढला. तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून बाबासाहेबांनी 14 नोव्हेंबर 1932 रोजी संघाचे चिटणीस अ. वि. ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा: दलितांच्या उद्धाराचे दोन मार्ग संभवतात. माणसाच्या हालाला त्याचे स्वतःचे अवगुण कारण आहेत असे मानले, तर दारूबंदी, तालीम, वाचनालय, शाळा यांवर पैसा खर्च करावा. त्याच्या हालाला त्याची परिस्थिती कारण आहे असे मानले, तर ती परिस्थिती बदलण्यावर सारी शक्ती लावावी. बाबासाहेबांनी दुसरा मार्ग सांगितला: विहिरी, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने यांवरील नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम, कामधंद्यात समान संधी, आणि सामाजिक व्यवहार. या मोहिमेत मारामाऱ्या होतील, डोकी फुटतील, हेही त्यांनी लपवले नाही. आणि हे काम करणारे कार्यकर्ते दलितांमधूनच घ्यावेत असे त्यांनी सुचवले.

त्या पत्राची साधी पोचही आली नाही, असे बाबासाहेबांनी 1945 च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, यावर गांधीजींचे म्हणणे असे, की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे. ऋण त्यांचे, तेव्हा फेडण्याचे काम त्यांनीच करायचे. वरवर पाहता यात नम्रता दिसते. पण प्रायश्चित्तात मध्यभागी कोण असतो? पाप करणारा. ज्याच्यावर अन्याय झाला तो त्यात निमित्तमात्र होतो. ऋण किती, ते कशाने फिटेल आणि फिटले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार धनकोला न देणारी ही फेड आहे. आजच्या साऱ्या मदतसंस्थांना हाच प्रश्न विचारता येईल: यादी कोण करतो, निकष कोण ठरवतो, आणि हिशेब कोणाला देता?

चार

यादी आणि निकष यांनी काय घडते हे किल्लारीने दाखवले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. जगभरातून मदत आली, जागतिक बँकेचे कर्ज आले, बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे देताना निकष लावला तो जमिनीचा. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फुटांचे घर; एक ते सात हेक्टरवाल्यांना 400; त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना 750. भूकंपाने मातीचे सारे वाडे आणि झोपड्या एका पातळीवर आणल्या होत्या. पुनर्वसनाच्या आराखड्याने त्या पुन्हा तीन पायऱ्यांवर चढवल्या. मराठवाड्यात भूमिहीन म्हणजे बहुतांशी कोण, हे वाचकांना सांगायला नको. घरे गटवार बांधली की गटाची रांग हीच जातीची रांग होणे क्रमप्राप्त होते. ज्याच्याकडे झोपडीच होती त्याला पक्के घर मिळाले, ही प्राप्ती आम्ही नाकारत नाही. पण देणाऱ्यांच्या मनात कोणताही दुष्टावा नसताना विषमतेचे मोजमाप नव्या गावाच्या पायातच घातले गेले, ही गोष्ट त्या प्राप्तीने झाकली जात नाही.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच उघड्या रूपात दिसले. नागपट्टिनम भागात छावण्यांत दलितांना जागा नाकारल्याच्या, पाणी भरू न दिल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. ज्याची होडी गेली त्याला होडी मिळाली. होडीवर किंवा मिठागरावर मजुरी करणाऱ्याचे काहीच गेले नव्हते, कारण त्याच्या नावावर काही नव्हतेच. पुढच्या वर्षी आलेल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या 61 व्या कलमात मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, जमात, वंश वा धर्म यांवरून भेद करू नये असे लिहिले गेले. हे कलम किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? किती तहसील कचेऱ्यांत ते कोणी दाखवून विचारले आहे?

याच महाराष्ट्रात मदतीचे हक्कात रूपांतर झाल्याचेही उदाहरण आहे. 1972 च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला गेली. 1973 च्या उन्हाळ्यात मदतकामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. कामासाठी मोर्चे निघाले, मजुरीसाठी संप झाले. या दडपणातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. मागितल्यावर काम, आणि काम देता आले नाही तर बेकारी भत्ता, हे तिचे सूत्र. 2005 चा केंद्रीय रोजगार हमी कायदा याच वाटेने आला. योजनेत मुकादमांनी, ठेकेदारांनी आणि बाबूंनी किती खाल्ले हे सर्वांना माहीत आहे. तरीही मजुराच्या हाती एक वाक्य आले: 'हे माझे आहे, द्या.' अन्नछत्राच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य येत नाही.

2020 च्या टाळेबंदीत हा फरक पुन्हा दिसला. मुंबई-नाशिक रस्त्यावरून लोक पायी निघाले, तेव्हा वाटेतल्या गावांनी आणि संस्थांनी त्यांना जेवू घातले, पाणी दिले, चपला दिल्या. हे चांगलेच झाले. पण थकलेली मजुरी कोणी द्यायची, गाडीने घरी जाण्याचा त्यांचा हक्क कोणी अडवला, हे प्रश्न खिचडीच्या वाफेत दिसेनासे झाले. 8 मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. तेव्हाही वारसांना मदत जाहीर झाली. आणि मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो होते. त्यांत निळ्या झेंड्याखालचे पुढारीही होते, हे आपल्यापुरते तरी लपवू नये.

पाच

आता साहित्याकडे वळू. मराठी साहित्यात दया करणारा लेखक पुष्कळ काळ नांदला. झोपडीतल्या माणसाचे दुःख पाहून त्याचा कंठ दाटून येई, आणि कथा त्याच्या दाटलेल्या कंठावर संपे. वाचक डोळे पुसून पुस्तक मिटत असे. या लेखनाचे आणि सानुग्रह अनुदानाचे नाते जवळचे आहे. दोहोंत दुःखाला स्थान आहे, कारणाला नाही. आणि दोहोंत समाधान देणाऱ्याला मिळते.

अण्णाभाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा शीळफाट्यावर बसून वाचावी. तिचा नायक भीमा वारणाकाठाहून मुंबईच्या उपनगरात येतो आणि दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. पोटासाठी तो रात्री स्मशानात प्रेते उकरून त्यांच्यावरचे सोने शोधू लागतो आणि त्यात हाताची बोटे गमावतो. आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू होते. अण्णाभाऊंनी भीमाबद्दल दया मागितलेली नाही आणि त्याला सद्गुणांचा पुतळाही केलेले नाही. त्याचे शरीर अवाढव्य आहे, त्याला भूक आहे, मुलगी आहे, आणि तो जे करतो ते पाहून वाचकाच्या अंगावर काटा येतो. पण खाण कोणी बंद केली आणि कोणी उघडली हा प्रश्न कथेच्या दोन्ही टोकांना उभा आहे. भीमाच्या जगण्या-मरण्याची किल्ली त्याच्या हातात नाही, हे कळल्यावर वाचकाला डोळे पुसून उठता येत नाही. 'मरण स्वस्त होत आहे' हे बाबुराव बागुलांच्या 1969 च्या संग्रहाचे नावही तसेच आहे. ते शोक करत नाही, भाव सांगते. मरणाचा भाव उतरतो आहे म्हणजे बाजार कोणाचा आहे, असा प्रश्न त्या नावातच आहे.

आणि 1959 च्या 'फकिरा'त तर मदतीची सारी उतरंडच उलटी केलेली आहे. उपासमारीने मांगवाडा मरू लागतो तेव्हा फकिरा धान्य लुटून आणतो आणि वाटतो. कायद्याने हा गुन्हा आहे, आणि अण्णाभाऊ त्याची किंमत लपवत नाहीत. पण उपाशी माणूस येथे मदतीचा विषय न राहता कर्ता होतो. धान्य गावात आहे आणि माणसे उपाशी आहेत, यात नैसर्गिक काही नाही, हे त्याला कळलेले आहे. दलित साहित्याचा मानवतावाद हा आहे. तो सर्वांना सारखेच गोंजारत नाही. माणसाला माणूसपण नाकारणाऱ्याचे नाव घेतल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. म्हणून 'शेवटी हे मानवतावादीच आहे' असे जो म्हणतो, त्याला आपण विचारावे: 'होय, पण कोणाच्या बाजूने?'

सहा

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक कार्यकर्त्यांकडूनच येईल. ढिगाऱ्याखाली माणूस कण्हत असताना तुम्ही व्यवस्थेचे विश्लेषण करत बसणार काय? घरात पाणी शिरलेल्या बाईला आधी कोरडी चादर हवी असते, प्रबंध नको. हा आक्षेप बरोबर आहे. मदत करू नका असे म्हणणारा विचार सुखवस्तूंच्या दिवाणखान्यातच सुचू शकतो. आमच्या वस्त्यांत मदत नेहमीच शेजाऱ्याने केलेली आहे आणि तो पुढेही करील. आमचे म्हणणे इतकेच, की चादर आणि प्रश्न एकाच हाताने द्यावेत. चादर देणारा निघून गेल्यावर प्रश्न विचारायला दुसरे कोणी येत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रज्ञा, शील, करुणा आणि मैत्री यांची जी मांडणी केली आहे ती येथे उपयोगी पडते. नुसती प्रज्ञा पुरेशी नाही, तिच्याबरोबर शील हवे. शीलाबरोबर करुणा हवी. आणि करुणेवरही थांबू नये, मैत्रीपर्यंत जावे. आमच्या वाचनाप्रमाणे याचा सामाजिक अर्थ असा: करुणेत एक देणारा आणि एक घेणारा राहू शकतो, मैत्रीत तो भेद टिकत नाही. आणि प्रज्ञा पहिली आहे, याचाही विसर पडू नये. कारणाचा शोध न घेणारी करुणा बुद्धाच्या मार्गातली नव्हे; ज्याने दुःख सांगितले त्याने लगेच दुःखाचे कारणही सांगितले.

तेव्हा शीळ, दिवा, मुंब्रा, कळवा, डोंबिवली या पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी काय करावे? पहिले काम यादीचे. इमारत पडल्यावर ज्याच्यापाशी कागद असतो त्याचीच नोंद होते. तोंडी करारावर राहणारा भाडेकरू, कामाच्या जागीच झोपणारा मजूर, दहा जणांच्या खोलीतला अकरावा, हे कोणत्याच यादीत येत नाहीत. ही यादी संकटानंतर सरकारने करण्याची वाट न पाहता वस्तीने आधीच करून ठेवावी. कोण राहतो, किती वर्षे राहतो, भाडे कोणाला देतो. दुसरे काम शब्दांचे. अर्जात 'मदत मिळावी' असे न लिहिता 'भरपाई मिळावी' असे लिहावे, आणि खाली कायद्याचे कलम घालावे. शब्द बदलल्याने पैसे लगेच मिळतील असे नाही. पण अर्ज करणाऱ्याची मान किती वाकते हे त्या शब्दावर ठरते. तिसरे काम सहभागाचे. पुनर्वसनाची, समूह पुनर्विकासाची, मदत वाटपाची जी कोणती समिती बसेल तिच्यात भाडेकरू आणि मजूर बसला पाहिजे. त्याच्या वतीने बोलणारा नव्हे, तो स्वतः. आणि बाई असेल तर अधिक बरे, कारण पाण्याची आणि छताची पहिली झळ तिला लागते. आणि चौथे काम, पाळत. कोर्टात खटला कोठे आला, अधिकाऱ्याची चौकशी कोठे अडली, हे दर वर्षी 4 एप्रिलला जाहीरपणे विचारावे. मेणबत्त्या लावायच्या तर लावाव्यात, पण तारखांचा तक्ता त्यांच्या शेजारी टांगावा.

जगातले मोठे दाते हात आखडून घेत आहेत याचे आम्हांला दुःख आहे, कारण त्याने उपाशी माणसे मरतात. पण त्यांच्या दातृत्वावर आमच्या मुक्तीचा विचार कधीच उभा नव्हता. चवदार तळ्यावर 1927 साली माणसे गेली ती तहानेने व्याकूळ होऊन पाण्याची भीक मागायला गेली नव्हती. पाणी त्यांच्याकडे दुसरीकडचे होते. ते तळे सार्वजनिक आहे आणि आम्ही त्या सार्वजनिकांत आहोत, हे सिद्ध करायला ती गेली होती. शीळफाट्यावरच्या भाडेकरूची मागणी याच जातीची आहे. त्याला अंगावर न पडणारे घर हवे आहे, आणि ते त्याला अनुग्रहाने नको आहे.